खांद्यावर काय आहे

मंडळी, ऐका. जरा पुढं सरकून बसता का? माझा आवाज मागच्या खांबापर्यंत पोचत नाही, आणि ताणला तर तो मलाच ऐकवत नाही. हां, असं. आता बरं झालं.

काल कीर्तन आटोपलं, प्रसाद वाटून झाला, आणि हे कोठावदेशेठ माझ्यापाशी आले. तुम्ही सगळे त्यांना ओळखता. नळाच्या तोट्यांचा कारखाना. मला म्हणाले, "बुवा, एक विचारू का? माणसं कामावर वेळेत येतात, पगार वेळेत नेतात, पण मन कुठंतरी ठेवून येतात. बक्षिसं लावून पाहिली. दंड लावून पाहिला. भिंतीवर मोठमोठी वाक्यं रंगवून घेतली. काही फरक नाही. तुमच्या पोथ्यांत यावर काही सांगितलंय का?"

आता माझी पंचाईत बघा. मी पुस्तकांत वाढलेला माणूस. जन्मात कधी तोटी बसवली नाही. घरची गळते आहे ती तशीच गळते आहे. कारखाना चालवणाऱ्याला मी काय सांगणार? म्हटलं, "उद्या बघू." आज सकाळपासून त्या प्रश्नाभोवती घिरट्या घालतोय.

प्रश्न असा आहे, मंडळी — दुसऱ्यासाठी राबणाऱ्या माणसाचं मन कामात उतरतं ते कशानं? पैशानं? धाकानं? गोड बोलण्यानं? की आणखी कशानं? मला याचं उत्तर एका पालखीत सापडलं. ते बरोबर आहे का, हे तुम्ही ठरवा. मला अजून पुरती खात्री नाही.

आधी एक ओवी म्हणू. माझीच आहे, तेव्हा अक्षरं मोजू नका. पेटीवाले, सूर जरा खालचा द्या.

पुढल्या पायांनी वाट पाहावी ।
मागल्या पायांनी कानी घ्यावी ।
खांद्यावरची खूण सांगावी ।
धन्याने मुखें ॥

अर्थ लागला नाही ना? लागायचा नाही. आख्यान संपल्यावर लागला तर माझं नशीब.

तर घाटमाथ्यावर एक लहानसं संस्थान होतं. आंबेसर. नकाशात शोधू नका. आख्यानातली गावं आख्यानातच असतात. काळ कुठला? इंग्रजी अंमल स्थिरावला होता, पण आगगाडी अजून तिकडं फिरकली नव्हती. तिथले कारभारी होते दाजीपंत. मोठा गुणाचा माणूस! लाच घेत नसत. आणि मंडळी, आपण लाच घेत नाही हे चारचौघांत सांगतही नसत. यातलं दुसरं जास्त अवघड — हसताय कशाला, घरी गेल्यावर विचार करून बघा.

पण पंतांची एक समजूत होती. त्यांच्या वडिलांची होती, आजोबांची होती, तीच त्यांच्याकडं आली. ती अशी, की हुकूम द्यावा, कारण देऊ नये. कारण दिलं की माणसं वाद घालतात. वाद घातला की काम राहतं. तेव्हा कारण आपल्यापाशी ठेवावं आणि काम तेवढं खाली सोडावं.

त्या काळी प्रवास म्हणजे पालखी, आणि पालखी म्हणजे भोई. भोई कसे चालतात, ठाऊक आहे? दोघं पुढं, दोघं मागं. पुढच्यांना वाट दिसते. मागच्यांना काय दिसतं? पालखीचा पाठीमागचा पडदा. बस! खाली दगड आहे, खड्डा आहे, काटा आहे, काही कळायला मार्ग नाही. मग पुढचा नाईक पळता पळता ओरडून सांगतो आणि मागचा 'ऐकलं' म्हणून उत्तर देतो. त्या हाकेवर मागचे पाय पडतात.

आंबेसरच्या भोयांचा नाईक होता खेमा. उंच, काटक, आवाज असा की डोंगराला थडकून परत यावा. आणि मागच्या दांडीला असायचा मालू. हा मालू दोन्ही डोळ्यांनी आंधळा.

आता तुम्ही म्हणाल, बुवा काहीतरीच सांगतात, आंधळा माणूस पालखी कशी वाहील? अहो, मी आत्ताच सांगितलं ना, मागच्याला दिसतं तरी काय? तिथं डोळसानंसुद्धा आंधळ्यासारखंच चालायचं असतं. मालूला त्याचा सराव लहानपणापासूनचा. उलट डोळसाला अधूनमधून वाकून बघायचा मोह होतो, आणि मग तो ठेचकाळतो. मालूला तो मोहच नाही.

आणि जीभ? विचारू नका. खेमा पुढून ओरडायचा, "डावीकडं दगड हाय!"

मालू मागून, "असू दे, त्यालाबी जागा लागतीच की."

"पुढं पाणी लागलं!"

"बरं झालं, अंघोळ राहिली हुती."

"चढ आला!"

"खेमादा, उतार आला की आधी सांगत जा, चढ माझं गुडघंच सांगत्यात."

आत बसलेला सावकार असो नाहीतर साहेब, पडद्याआड तोंडाला उपरणं लावून हसत असायचा.

एका उन्हाळ्यात काय झालं, घाटाखाली कुंभखोल नावाच्या गावात देवी आल्या. तरुण मंडळींना सांगतो — देवी म्हणजे तो फोडांचा रोग. आता तो जगातून गेला. देवाची कृपा, आणि टोचणाऱ्यांचे कष्ट. पण त्या काळी घरात देवी आल्या म्हणजे पाळणे रिकामे व्हायचे. जी मुलं वाचायची, त्यांतल्या कुणाचा चेहरा जायचा, कुणाचे डोळे जायचे. आमच्या मालूचे डोळे कशानं गेले असतील, हे तुमच्या ध्यानात आलं असेल.

कुंभखोलला सरकारी देवीडॉक्टर जाऊन बसला होता. देवी टोचायला तयार. पण टोचायला लस पाहिजे, आणि लस मोठी नाजूक! बारीक काचेच्या नळ्यांत भरलेली. ऊन लागलं की मेली. शहरातून ती आंबेसरपर्यंत आली, आता घाट उतरवायची होती. घोड्यावर दिली तर हिसक्यानं नळ्या फुटणार. माणसाच्या डोक्यावर दिली तर उन्हानं तापणार. घाट असा, की अंधारात उतरायची सोय नाही. तेव्हा पंतांनी मोठ्या हुशारीनं तोड काढली — पालखी. पालखीला ओल्या वाळ्याचे पडदे लावायचे, आत सावलीत ती लहानशी पेटी ठेवायची, आणि भोयांनी पहाटे निघून ऊन डोक्यावर यायच्या आत खाली पळवत न्यायची.

तोड उत्तम. कसलीही खोट नाही. फक्त पंतांनी भोयांना आत काय आहे ते सांगितलं नाही. त्यांच्या मनात आलं, ही भोळी माणसं, देवीचं नाव काढलं तर पालखी टाकून पळतील. म्हणून पडदे शिवून टाकले, खेमाला बोलावलं आणि म्हणाले, "ही कुंभखोलला न्यायची. थांबायचं नाही, पडदा उघडायचा नाही. लवकर पोचलात तर बक्षीस, उशीर झाला तर दंड."

"जी," खेमा म्हणाला.

चौघांनी पालखी उचलली, आणि पहिल्याच पावलाला चौघांच्या मनात एकच गोष्ट आली. कुठली असेल? अहो, जन्मभर खांद्यावर माणसं वाहिलेले ते. शेठजी पोटभर जेवून बसलेत की उपाशी, हे त्यांना दांडीवरून कळायचं. त्यांनी ओळखलं — आत कुणीच नाही. पालखी रिकामी!

आणि आंबेसरच्या भोयांची एक रीत होती. रिकामी पालखी पळवायची नाही. रिकामी पालखी धावताना दिसली की तिच्यात बसायला कुणीतरी बोलावल्यासारखं होतं, आणि तो बोलावलेला कोण असेल याचा भरवसा नाही — असं त्यांचे वाडवडील सांगून गेलेले. म्हणून रिकामी पालखी कशी न्यायची? सावकाश. पावलं मोजत. मध्ये झाडाखाली टेकवत.

तशीच नेली त्यांनी! कसलाही दुष्टावा नाही मनात. झाडाखाली बसले, भाकरी खाल्ली, मालूनं पडद्याकडं तोंड करून "सरकार, चटणी देऊ का?" असं विचारूनही घेतलं. आणि कुंभखोलच्या शेवटच्या वळणावरून मात्र पळत सुटले, कारण वेशीत पळत येताना दिसलं की बक्षीस पक्कं.

देवीडॉक्टरनं लस घेतली, मुलांना टोचली, आणि वाट बघत बसला. टोचलेल्या जागी फोड यायला हवा. आला तर मूल वाचलं. एकाही दंडावर काही उमटलं नाही. लस वाटेतच मेली होती. आणि मंडळी, त्या वाट बघण्याच्या दिवसांत गावातल्या आणखी घरांचे दरवाजे बंद झाले.

निरोप आंबेसरला आला. डॉक्टरचा माणूस कचेरीत उभा राहून म्हणाला, "डॉक्टरांनी सांगितलंय, शहरातून आणखी एकदा लस येतेय. या मोसमात तेवढीच. ती मेली तर मग त्यांना तिथं बसवून उपयोग नाही."

कचेरीत एकच गलका उठला. एक कारकून म्हणाला, "पंत, या भोयांना चाबूक दाखवल्याशिवाय चालणार नाही." दुसरा म्हणाला, "बक्षीस वाढवा." तिसरा म्हणाला, "दुसरे भोई आणा." जगातल्या सगळ्या कचेऱ्यांत हेच तीन कारकून बसलेले असतात, कोठावदेशेठ, तुमच्याकडंही असतील.

आता दाजीपंतांचं मोठेपण बघा. मला हा माणूस आवडतो तो इथून पुढं. त्यांनी पगडी चढवली, जोडे घातले आणि एकटे भोईवाड्यात गेले. कारभारी भोईवाड्यात! बायका घरात पळाल्या, कुत्री भुंकायला लागली. खेमा हातातलं टाकून धावत आला. "पंत, सांगावा धाडला असता, आमी आलो असतो."

"तुम्ही आला असता तर 'जी' म्हणाला असता," पंत म्हणाले. "मला 'जी' ऐकायचं नाही. नाईक, बसा. पालखीला उशीर का झाला?"

खेमानं धोंडूकडं बघितलं. हा धोंडू पुढच्या दांडीला त्याचा जोडीदार; त्यानं मालूला कोपर मारलं. बोलला तो मालू. म्हणाला, "पंत, रागावणार न्हाई ना?"

"रागावेन कदाचित. पण ऐकून घेईन."

"मग सांगतो. रिकामी पालखी पळवत न्हाईत."

"रिकामी नव्हती ती."

"आमच्या खांद्याला रिकामीच हुती. काय हुतं आत?"

पंतांनी ते टाळलं. म्हणाले, "बक्षीस सांगितलं होतं ना मी?"

"घेतलं की. शेवटच्या वळणापास्नं पळालो बी हुतो."

पंतांना हसावं की रडावं कळेना. मग त्यांनी एक प्रश्न विचारला. तो प्रश्न त्यांना सुचला, म्हणून मी म्हणतो, मोठा माणूस. म्हणाले, "नाईक, उत्सवात देवाची पालखी तुम्हीच नेता. दिवसभर अनवाणी, नाचत. तिथं ना बक्षीस, ना दंड. आणि तुमच्यातला एकजण दमलेला मी पाहिला नाही. ते कसं?"

खेमानं आपल्या खांद्यावरून हात फिरवला. मग म्हणाला, "पंत, ते येगळं. तवा ठावं असतं, खांद्यावर कोण हाय ते."

मंडळी, थांबा इथं जरा. पायाखाली काय आहे, ते पुढचा नाईक सांगतो. ती त्याची जबाबदारी, आणि तो ती चोख पाळतो. पण खांद्यावर काय आहे, ते कोणी सांगायचं? पालखी ज्यानं भरली, त्यानं. त्याच्याशिवाय ते कुणाला ठाऊकच नसतं!

पंत तिथून उठले तेव्हा त्यांच्या आजोबांची समजूत भोईवाड्यातच राहिली.

दुसरी लस आली. पहाटे पालखी देवळापुढं ठेवली. वाळ्याचे पडदे भिजवलेले, पण या वेळी शिवलेले नव्हते. पंतांनी पडदा वर केला, पेटी उघडली, एक नळी हातात धरली आणि म्हणाले, "गड्यांनो, मागच्या वेळी मी तुमच्यापासून लपवलं. आज दाखवतो. ही देवीची लस. कुंभखोलात पोरांना देवी येताहेत. ही वेळेत पोचली तर जी अजून बरी आहेत, ती वाचतील. मागची पोचली नाही. ही नाही पोचली तर पुढची नाही. आता न्यायची की नाही, हे तुम्ही ठरवा. हुकूम देत नाही मी."

काय झालं असेल? सगळ्यांनी जयजयकार केला असेल? कथा सांगणारा मी, मला तसं सांगायला फार आवडलं असतं. पण तसं झालं नाही. पंतांना जी भीती होती, तेच झालं! देवीचं नाव काढताच धोंडू मागं सरला. चौथा गडी तर पार देवळाच्या पायरीवर जाऊन उभा राहिला. "देवीला काचंत कोंडलीय," तो पुटपुटला. "तिला आपल्या खांद्यावर घ्यायची? घरात लेकरं हाईत आमच्या." खेमासुद्धा जमिनीकडं बघायला लागला. पूर्वेला फटफटायला लागलं होतं, आणि वाळा सुकत होता.

पंत काही बोलले नाहीत. बोलणं सोपं असतं हो, मंडळी. मी बोलूनच पोट भरतो, मला ठाऊक आहे. सगळं सांगून झाल्यावर गप्प राहणं, हे खरं अवघड.

मग मालू पुढं आला, हातानं चाचपत. म्हणाला, "पंत, तुमाला टोचल्यात का ह्या?"

"टोचल्यात. मागच्या वर्षी."

"आणा हात."

पंतांनी बाही वर केली. मालूनं त्यांचा दंड धरला आणि बोटानं तो वण शोधून काढला. बराच वेळ त्यावरून बोट फिरवत राहिला. सगळे बघत होते — कारभाऱ्यांचा दंड भोयाच्या हातात.

"एवढंच?" मालू म्हणाला.

"एवढंच."

"आन् मग देवी येत न्हाईत?"

"आलेल्या मी पाहिल्या नाहीत."

मालूनं पंतांची बाही खाली ओढून नीट केली. मग तोंड वळवून म्हणाला, "खेमादा, मी ल्हान असताना ही पालखी कुणी आमच्या गावाला आणली न्हाई. आणली असती तर आज मी पुढच्या दांडीला असतो, आन् तू माझ्या शिव्या खात मागनं आला असतास. उचल."

खेमानं उचलली. धोंडू आला. पायरीवरचा गडी सगळ्यांत शेवटी आला, पण आला.

आणि मग ती पालखी जी निघाली! पंत मागं राहिले नाहीत. जोडे काढले, धोतर खोचलं, पाण्याची मशक खांद्यावर मारली आणि पालखीच्या बाजूनं पळायला लागले. वाळा सुकला की पाणी शिंपायचं, हे काम त्यांनी स्वतःकडं घेतलं. पुढून खेमाची हाक, मागून मालूचं उत्तर.

"दगड!"

"बघितला."

"अरं, तुला कसा दिसला?"

"तू वरडलास तसाच दिसला."

मालूनं आज नवीनच काढलं. मधेच मागून ओरडला, "खेमादा, पायाखालचं कळलं. खांद्यावर?"

खेमाला क्षणभर कळलं नाही. मग त्यानं डोंगर हलेल असा आवाज काढला, "पोरं!"

"कुणाची?"

"कुंभखोलची!"

मग तीच हाक झाली. दर वळणाला. पायाखाली? धोंडा. खांद्यावर? पोरं. पायाखाली? मुरूम. खांद्यावर? पोरं. पालखी तीच, वजन तेवढंच — आणि आज ती कुणालाच रिकामी वाटत नव्हती!

आणि घाटाच्या ऐन मध्यावर, उतार जिथं सगळ्यांत वाईट, तिथं खेमाचा आवाज बसला.

ओरडून ओरडून घसा फुटला. तोंड उघडतो, नुसती हवा. धोंडूला धाप लागलेली. पळणं किंवा बोलणं, एकच जमणार. मालूच्या पायांना हाक मिळेना. एक पाऊल चुकलं, पालखी कलली, आत नळ्या किणकिणल्या. सगळे जागच्या जागी थांबले. डोंगराच्या कडेवर ऊन येऊन टेकलं होतं.

कोणी काही सुचवायच्या आत पंतांनी मशक मागच्या दांडीच्या त्या चौथ्या गड्याच्या मोकळ्या खांद्यावर टाकली आणि पुढं जाऊन उभे राहिले. म्हणाले, "मी सांगतो."

पालखी पुन्हा हलली, पण पंतांना काय ठाऊक हाक कशी द्यायची? जन्मभर लेखी हुकूम काढलेला माणूस! म्हणाले, "पुढे डाव्या अंगास किंचित निसरडा उतार असून—"

तोवर मालूचा पाय त्या निसरड्यावरून घसरून परत सावरलासुद्धा. मालू मागून म्हणाला, "पंत, ती कचेरी वरच ऱ्हायली. नुसतं 'निसरडं' म्हना."

"निसरडं!"

"हां. आता कसं."

"दगड!"

"आलं ध्यानात. पंत, जरा आधी सांगत जा, दगड मागं गेल्यावर नको."

शिकले हो पंत! वीसेक पावलांत शिकले. कारण चूक झाली की लगेच कळत होती, आणि सांगणाराही भीत नव्हता. उरलेला घाट ते पुढं पळत उतरले. अनवाणी. पायाखालचं सांगत, आणि मालूनं विचारलं की खांद्यावरचंही सांगत. सबंध संस्थानाचा कारभारी, आणि तोंडात शब्द किती? दगड, काटा, वळण, पोरं. मला तर वाटतं, त्यांच्या साऱ्या कारकिर्दीत इतका चांगला कारभार त्यांनी दुसऱ्या कुठल्या दिवशी केला नसेल.

कुंभखोलच्या वेशीत पालखी टेकली तेव्हा ऊन अजून झाडांच्या शेंड्यांवर तिरपं होतं. डॉक्टर धावत आला, नळी हातात घेऊन बघितली, गालाला लावून बघितली. "गार आहे," म्हणाला, आणि लगेच कामाला बसला.

इथं दुसरा कुणी आख्यान संपवेल. काम झालं, लस पोचली, जय म्हणा आणि प्रसाद घ्या. पंतांनीही तिथं संपवलं असतं तरी कुणी नाव ठेवलं नसतं. पण आठवडाभरानं डॉक्टरचा माणूस आंबेसरला आला. पंतांना सांगायला, की लस लागली, मुलांच्या दंडांवर फोड उठलेत. पंत म्हणाले, "ही बातमी माझी नाही." आणि त्यांनी चारही भोयांना बोलावलं. "चला, कुंभखोलला जायचंय."

"पालखी कुठाय?" खेमानं विचारलं.

"पालखी नाही. आज नुसतं बघायला जायचंय. तुम्ही काय नेलं होतं ते."

गेले सगळे चालत. कुंभखोलच्या पारावर बायका मुलांना घेऊन बसलेल्या. खेमा एकेका मुलाच्या दंडाकडं बघत पुढं सरकत होता. धोंडूला मुलांची नावं विचारायची होती, पण त्याला ते जमेना. नुसता हसत उभा राहिला. मालू एका बाजूला होता. त्याला काय दिसणार?

पंतांनी एका बाईला काहीतरी सांगितलं. ती आपली मुलगी घेऊन मालूपुढं येऊन बसली, आणि तिनं त्या पोरीचा दंड त्याच्या हातात दिला.

मालूनं बोटानं चाचपलं. टच्च फुगलेला फोड, भोवती गरम कातडी. पोर कळवळली आणि तिनं हात मागं ओढला.

"दुखतंय व्हय?" मालूनं विचारलं.

"हां," पोर म्हणाली. मग त्याच्या तोंडाकडं बघून म्हणाली, "आजोबा, तुमचे डोळे कुठं गेले?"

बाई दचकली, पोरीला दटावायला लागली. मालूनं हातानं थांबवलं. म्हणाला, "ऱ्हायले कुठंतरी. तुझे हाईत न्हवं?"

"हाईत की."

"मग बास."

आणि त्या दिवशी परत निघताना, मंडळी, खेमा पुढं आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून मालू मागं, असे दोघं चालले होते. खांद्यावर पालखी नाही, काही नाही. आणि मागून मालूनं सवयीनं हाक दिली, "खेमादा, खांद्यावर?" खेमानं उलट्या हातानं आपल्या खांद्यावरचा मालूचा हात थोपटला.  

तर कोठावदेशेठ, हे असं आहे. बक्षीस द्या, जरूर द्या; दाजीपंतांनीही नंतर दिलं, आणि मालूनं ते आनंदानं घेतलं. पगार वेळेवर द्या, तो तर माणसाचा हक्कच. पण तुमच्याकडं तोट्या घासणाऱ्या ज्या बायका आहेत, त्यांना ती तोटी पुढं कुठं जाऊन बसते, हे कुणी सांगितलंय का? एखादीला कधी नेऊन दाखवलंय का, की ही बघ, मुलींच्या वसतिगृहात, तुझ्या हातची? तिनं कधी उलट काही विचारलं, तर ऐकून घेतलंत का? भिंतीवरचं वाक्य तिला उद्देशून आहे हो, पण तिच्याशी बोलत नाही.

आणि बाकीची मंडळी खाली बघून हसू नका. कारखाना एकट्या शेठजींचा नाही. मुख्याध्यापक आहेत इथं, त्यांच्या मागून शिक्षक चालतात. सासूबाई आहेत, सुना मागून चालतात. देवळाचे विश्वस्त आहेत, हा मंडप झाडणारा माणूस त्यांच्या मागून चालतो. तुम्ही पुढं आहात, तुम्हाला वाट दिसते. मागच्याला तुमच्या पाठीशिवाय काही दिसत नाही. त्याला पायाखालचं तर सांगाच. आणि जे तुम्ही त्याच्या खांद्यावर दिलंय, तेही सांगा. तो म्हणेल मला भीती वाटते, तर गप्प राहून त्याला विचार करू द्या. आणि पुढच्याचा आवाज बसला, तर जोडे काढून स्वतः पुढं व्हा. बोलायला चुकाल सुरुवातीला. मीही चुकतो. मागून कुणी दुरुस्त केलं, तर त्याचं ऐका.

आता ओवी पुन्हा म्हणायची नाही. कळायची असेल तर एव्हाना कळली असेल. एकच विचारतो आणि झांज देवाच्या पायाशी ठेवतो. सगळ्यांना मिळून विचारतो. मंडळी, खांद्यावर?

मला नका सांगू. उद्या सकाळी जो तुमच्या मागून चालेल, त्याला सांगा.